चाळण

सत्तावीस वर्षं पद्मावतीत गिरणी चालवतो मी.
माझ्या भुवया काळ्या होत्या हे
फक्त लग्नाच्या फोटोत दिसतं.
डब्याच्या झाकणावरून माणूस ओळखतो:
खुटवडांची मालदांडी, जाडसर.
वरच्या मजल्यावरच्या जोडप्याची पाव किलो नाचणी,
तिच्यासाठी सगळी गिरणी झाडायची.
आणि शिरोळेबाईंचा लोकवन,
"बारीक हं, आणि चाळून. कोंडा नको."

चिमटीत पीठ धरून सांगायचो
गहू ओला दळलाय की वाळवून.
स्वतः मात्र
सकाळी खारी, चहात बुडवून.
अकराला समोरच्या बेकरीतला पॅटीस.
चारला फरसाण, कागदातून सरळ तोंडात.
पाठ दुखली की गोळी,
कधी दोन, कधी पाण्याशिवाय.
पोती उचलणाऱ्याची पाठ रोजच दुखते.

फेब्रुवारीत पाय सुजले.
दाबलं की खळगा पडायचा,
कणकेच्या गोळ्यावर बोट ठेवावं तसा,
आणि भरायला वेळ घ्यायचा.

दातार डॉक्टरबाईंनी रिपोर्टच्या पाठीवर
दोन राजमे काढले. म्हणाल्या,
ह्या तुमच्या चाळण्या.
तुम्ही नऊला शटर ओढता, ह्या ओढत नाहीत.
क्रिएटिनिन एक पूर्णांक नऊ.
मी म्हटलं, एवढा फरक तर माझ्या काट्यातही येतो.
त्या हसल्या नाहीत.
गोळ्या बंद. लोणचं, पापड, फरसाण बंद.
ज्वारी खा, गहू न चाळता खा,
तुमच्या पायरीवर चालतं.
खालच्या पायरीवर कोंडासुद्धा मोजून खावा लागतो.
तिकडे उतरू नका.

बाहेर पडताना काचेपलीकडे
शिरोळे सर होते, हाताला दोन नळ्या,
शेजारी यंत्र, गिरणीपेक्षा कितीतरी कमी आवाजाचं.
बाई स्टुलावर, मांडीवर डबा.
जात्यातले रडतात, सुपातले हसतात,
ही म्हण गिरणीवाल्याला कुणी शिकवावी लागत नाही.
सर रडत नव्हते. मीही हसलो नाही.
सूप किती तिरकं झालंय
तेवढं बघत उभा राहिलो.

"तुम्ही इथे?" बाईंनी विचारलं.
"सहज, तपासणीला."
त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

त्यांच्या गव्हातला कोंडा
मी धनकवडीच्या गोठ्यात द्यायचो.
म्हशी छान होत्या त्या.
कोंडा काढल्यानं हे झालं असं नाही,
वीस वर्षं साखर होती सरांना, मला माहीत होतं.
पण इतक्या वर्षांत एकदाही
चाळण हातात घेताना मी म्हटलं नाही,
बाई, राहू द्या की थोडा.
गिऱ्हाईक म्हणेल तसं दळायचं.

घरी शालननं मीठ कमी केलं.
पहिले आठ दिवस भाकरी मुकी होती.
मी चिडलो, ताट सरकवलं,
एकदा चोरून पापडही भाजला,
वासानं पकडला गेलो.
मग एका रात्री, कडेचा करपलेला तुकडा चावताना,
ज्वारी गोड लागली.
मी शालनला सांगितलं नाही.
तिनं दुसरी भाकरी वाढली.
कोंड्याचा मांडा करतात तो असा असेल.

आता पाठ दुखली की गरम पाण्याची पिशवी.
पोती खुटवडांचा पोरगा उचलतो.
परवाचा आकडा एक पूर्णांक आठ.
म्हणजे काय ते विचारायला अजून गेलो नाही.

काल शिरोळेबाई आल्या.
एका डब्याऐवजी दोन कापडी पिशव्या.
"ही ह्यांची. चाळूनच द्या,
त्यांना आता कोंडा चालत नाही म्हणाले."
दुसरी पुढे सरकवली,
जराशी लहान, बंद नवा कोरा.
"ही माझी. चाळू नका."

दोन्ही दळल्या.
पीठ गरम होतं. त्या थांबल्या,
हात पिशवीवर ठेवून,
लहान पिशवीवर.